मेंढरं बसली ती जागा

बरकडे साहेबांच्या इमारतीला भिंती यायच्या आधी दारं आली. वरवंडच्या बाहेर, कालव्याच्या अलीकडे, आमच्या कृषी महाविद्यालयाचा मोठा माळ पडून होता. तिथं संशोधनाची आणि शिकवण्याची नवी इमारत व्हायची होती आणि बरकडे साहेब तिचे आर्किटेक्ट होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चुन्याच्या फक्कीनं, व्याख्यानाचा हॉल तेवढा सोडून, अख्खी इमारत जमिनीवर आखून घेतली आणि जिथं दार यायचं तिथं रेघ तोडून जागा मोकळी सोडली. त्या दिवसापासून ते त्या मोकळ्या जागेतूनच आत-बाहेर करायचे. डोक्यावर ऊन, हातात फायली, चार पावलांवर उभा राहून गवंडी हाका मारतोय, तरी साहेब वळसा घालून दारानंच येणार.

दुसऱ्यांनाही त्यातून सूट नव्हती. एकदा महाविद्यालयाच्या इमारत समितीचे अध्यक्ष पाहणीला आले. जीपमधून उतरले ते तडक चालत बियाण्यांच्या प्रयोगशाळेच्या मधोमध येऊन उभे राहिले. साहेबांनी नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही भिंतीतून आलात."

अध्यक्षांना वाटलं थट्टा चालली आहे. ते हसले. बरकडे साहेब हसले नाहीत.

"परत जावा आन् दारानं या. त्याबिगर खोली केवढी हाय ते कळायचं न्हाई."

अध्यक्ष म्हणजे नाकावर माशी न बसू देणारा माणूस. आम्ही सगळे जमिनीकडे बघत उभे राहिलो. पण काय झालं कोण जाणे, ते खरंच मागे गेले, वळसा घातला, मोकळ्या जागेतून आत आले आणि इकडे-तिकडे बघत म्हणाले, "ही खोली जरा अंधारी नाही का होणार?" त्या माळावर तेव्हा वीतभर सावली नव्हती. साहेबांचा चेहरा उजळला. "होईल की. म्हणून तर उत्तरेला एवढी मोठी खिडकी ठेवलीय." त्या दोघांचं पुढं कधी फारसं पटलं नाही, पण तेवढा अर्धा तास अध्यक्ष नसलेल्या खिडकीतून बाहेर बघत होते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी तेव्हा मृदाशास्त्र शिकवत होते आणि दौंडला राहत होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. इमारत समितीवर मला घेतलं होतं ते एक बाई असावी म्हणून, आणि अक्षर चांगलं म्हणून. बैठकीचा वृत्तांत लिहायचा आणि चहा येईपर्यंत गप्प बसायचं, एवढंच माझं काम. बरकडे साहेबांनी मात्र मला पहिल्याच भेटीत कामाला लावलं. माळावरची माती दाबून तिच्या विटा करायच्या, भाजायच्या नाहीत, असं त्यांच्या मनात होतं. ही माती त्या लायक आहे का, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी नमुने घेतले, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि आठ दिवस लागतील असं सांगितलं. त्यांनी एक चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, थोडा वेळ तोंड हलवलं आणि थुंकली.

"कॅनॉलकडची घेऊ नका, मॅडम. खारट हाय. चोपण व्हायला लागलीय. रस्त्याकडची चालंल."

मला रागच आला. आठ दिवसांनी माझा अहवाल तयार झाला आणि त्यात नेमकं तेच लिहिलेलं होतं, फक्त चार पानांत. तो मी त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बरं झालं. माझ्या जिभेवर समितीचा विश्वास बसला नसता." त्यानंतर मला त्यांचा राग आला नाही.

माणूस उंच, काटक, रंगानं काळा. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन्सिली, पायात जाड चपला. जन्म न्हावऱ्याकडचा. घर मेंढपाळांचं, वडील शेवटपर्यंत कळप घेऊन फिरले आणि हे त्या घरातले पहिले शिकलेले. पुण्यात ऑफिस होतं, पण ऑफिसात ते कुणाला सापडत नसत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, ती लग्न होऊन नागपूरला. हे मला तुकड्यातुकड्यानं, दोन-तीन वर्षांत कळलं. स्वतःहून ते स्वतःबद्दल बोलत नसत. डबा खायलाही ते आमच्यात बसायचे नाहीत. आखलेल्या इमारतीत रोज वेगळ्या खोलीत जाऊन, दारातून आत जाऊन, जमिनीवर बसून एकटे जेवायचे. आज ग्रंथालय, उद्या बियाण्यांची कोठी. मी एकदा विचारलं, "एकटं का जेवता?" तर म्हणाले, "दोघं असली की बोलणं व्हतं. मग खोली काय म्हणते ते ऐकू येत न्हाई." हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं. आता वाटतं, तो एकट्या माणसानं स्वतःपुरता शोधलेला बहाणा होता, आणि मी तो खरा मानला.

आखणी झाली त्याच वर्षी एप्रिलात मी एसटीनं वरवंडला उतरून माळावर गेले तर समोर दोनशे मेंढरं. सोमामामा नावाचे साहेबांच्या गावाकडचे म्हातारे मेंढपाळ घोंगडीवर बसलेले आणि साहेब त्यांच्या शेजारी उकिडवे. आमच्याकडे शेतात मेंढरं बसवायची पद्धत जुनी आहे. कळप चार-आठ दिवस रानात मुक्काम करतो, रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. पण इथं पेरायचं काहीच नव्हतं.

"खतासाठी न्हाई, मॅडम," साहेब म्हणाले. "वारं कुठनं येतं ते इचारायला आणल्यात. दुपारी एकला ही कुठं बसत्यात ते बघायचं. मेंढरू उगं बसत न्हाई. सगळ्या रानात जी जागा गार, तिथंच जाणार."

"थर्मामीटर आहे की आपल्याकडे."

"त्यो एका जागंचं सांगतो. ही समदं रान हिंडून सांगत्यात."

सोमामामा हसले. "ह्येचा बाप असाच मुक्काम धरायचा. पोरगं पेन्सिल घिऊन धरतंय."

दहा दिवस साहेब तिथं होते. रोज दुपारी कळप बसला की त्याच्या भोवती फक्कीची रेघ ओढायचे. दहा दिवसांच्या दहा रेघा जवळजवळ एकावर एक पडल्या. जागा होती पश्चिमेची, कालव्याच्या बाजूची. आणि तिथं त्यांनी व्याख्यानाचा मोठा हॉल टाकला.

समितीत गहजब झाला. पश्चिमेचं ऊन हॉलवर घ्यायचं हे कुठल्याच पुस्तकात बसत नव्हतं. समितीवरचे इंजिनिअर शहाणे होते, भले होते, त्यांनी तीन वेळा समजावलं. साहेब ऐकेनात. भिंत दुहेरी करतो म्हणाले, वर छज्जा देतो, खाली झरोके ठेवतो, वारा खालून आत येईल आणि माथ्यावरच्या धुराड्यातून निघून जाईल. भारनियमन आठ-आठ तास असायचं, पंखे असून नसल्यासारखे. मे महिन्यात शेतकऱ्यांचे वर्ग भरायचे ते झाडाखाली. त्यामुळे विजेशिवाय गार राहणारा हॉल ही गोष्ट सगळ्यांनाच हवी होती, फक्त पश्चिमेला नको होती. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "आणि तापला तर?"

"तापला तर मी चुकलो, असं उभं ऱ्हाऊन सांगीन. त्याच हॉलात."

हे वाक्य मी वृत्तांतात जसंच्या तसं लिहिलं. अक्षर चांगलं होतं माझं.

इमारत दोन वर्षांत उभी राहिली. मातीच्या विटा, काळ्या दगडाचा पाया, शहाबादी फरशी, छतावरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत. प्रयोगशाळांत उत्तरेचा असा उजेड यायचा की दिवसा दिवा लावायची गरज पडत नसे. बियाण्यांची कोठी अर्धी जमिनीत होती. तिथं मे महिन्यातही हात भिंतीला लावला की गार लागायचं. हे सगळं त्यांचं अचूक निघालं, हे मला ठासून सांगायचं आहे, कारण पुढं लोक तेवढंच विसरले. हिवाळ्यात वर्ग सुरू झाले. साहेब महिन्यातून एकदा यायचे, मागच्या बाकावर बसायचे. मुलांना वाटायचं कुणीतरी तपासणीला आलंय.

पहिला उन्हाळा आला आणि मे महिन्यात शेतकरी मेळावा भरला. दीडशे माणसं हॉलमध्ये. बारापर्यंत ठीक होतं. एक वाजता खालच्या झरोक्यांतून वारा आला आणि तो असा तापलेला होता की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढून तोंडावर धरल्या. दोन वाजता माणसं उठून बाहेर जायला लागली. पाहुणे वक्ते भाषण आटपून रुमालानं मान पुसत बसले. बरकडे साहेब शेवटच्या बाकावर होते. शर्ट अंगाला चिकटलेला. ते उठले, भिंतीच्या कडेकडेनं पुढं आले, आणि कुणी विचारलं नसताना माईकसमोर उभे राहिले.

"ह्यो हॉल मी बांधलाय. ह्यो तापतोय. मी चुकलो."

एवढंच बोलून ते दारानं बाहेर गेले. शेतकऱ्यांना काही समजलं नाही. आम्हा समितीवाल्यांना समजलं, आणि आमच्यातल्या एकानंही उठून त्यांच्या मागे जायचं धैर्य केलं नाही. मी गेले ती अर्ध्या तासानं. ते कालव्याच्या भरावावर उभे होते. खाली कालवा कोरडा ठणठणीत होता, तळाचा गाळ भेगाळलेला.

कालव्याला पाणी पाळीनं सुटतं. मेंढरं बसली होती त्या दहा दिवसांत पाळी चालू होती. कालवा काठोकाठ, पलीकडची रानं भिजलेली, आणि त्यावरून येणारा वारा गार. आता पाळी संपली होती. दौंडच्या पोराटोरालाही कळेल अशी गोष्ट. मी रोज त्या पाण्याकडे बघत बसस्टॉपवर जात होते. मला ती सुचली नव्हती असं नाही. एकदा सुचली होती, पण एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय सांगायचं म्हणून गप्प बसले होते. तेव्हाही मी हे बोलले नाही.

"पाणी तर रोज बघत हुतो की, मॅडम," तेच म्हणाले. "पाय धुवत हुतो त्यात. आन् तरी न्हाई दिसलं. का सांगू? आमची मान्सं एका जागी धा दिसांच्या वर कवा ऱ्हायलीच न्हाईत. जागा गार हाय तवर बसायचं, तापली की उठायचं. आमच्या बापानं मला गार जागा कशी वळखायची ते शिकवलं. ती बारा महिने तशीच ऱ्हाती का, हे त्येला तरी कुठं ठावं हुतं?"

मग म्हणाले, "आन् मी तरी कुठं ऱ्हायलो? बांधायचं आन् निघायचं."

पुढच्या बैठकीत ठराव झाला. झरोके बुजवायचे, धुराडं बंद करायचं, हॉलला चार एसी बसवायचे. साहेबांनी विरोध केला नाही. उलट बुजवायच्या दिवशी ते स्वतः आले आणि मातीच्या विटांचा रंग जुळतो का ते बघत गवंड्यापाशी उभे राहिले. "बुजवायचंच तर ठिगळ दिसू नये," म्हणाले. त्यांनी एकच मागणी केली: हॉल आणि कालवा यांच्यामधली चोपण पट्टी मला वापरू द्या. तिथं तसंही कुसळ उगवत नव्हतं. समितीनं मान हलवली आणि विषय संपवला.

त्यांनी वरवंडला एका खतांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. पुण्याचं ऑफिस बंद केलं की आपोआप बंद पडलं, मला माहीत नाही. "एक वर्ष ऱ्हाऊन बघतो," म्हणाले. वर्षभर त्यांनी त्या पट्टीवर रोज एक वाजता उभं राहून वारा वहीत लिहिला. पाळी चालू आहे की बंद, पलीकडच्या रानात काय पीक आहे, धूळ किती. मला विचारलं, ह्या मातीत काय जगेल? मी सांगितलं, करंज जगेल, खड्ड्यातली माती बदलली तर कडुनिंबही. माझ्या हातून झालेली मदत तेवढीच. त्यांनी तीन ओळी लावल्या, वाऱ्याला आडव्या नाहीत तर तिरक्या, हॉलकडे वळणाऱ्या. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी रोपं मेली. त्यांनी ती पुन्हा लावली.

वर्षाची दोन वर्षं झाली, मग चार. कधीतरी मी त्यांना गावात पाहायची. दर रविवारी सकाळी दहाला ते एसटीडी बूथमध्ये स्टुलावर बसलेले असायचे. मुलीचा फोन तिथं यायचा. फोन दोन-तीन मिनिटांचा. त्याच्या आधी ते तासभर बसायचे, बूथवाल्याचा पेपर वाचत. एका रविवारी मी दौंडहून पुण्याला निघाले होते, बस वरवंडला थांबली आणि मला ते खिडकीतून दिसले. अकरा वाजून गेले होते. पेपर घडी घालून मांडीवर ठेवलेला आणि ते फोनकडे बघत होते. उतरावं असं मला फार वाटलं. घरी जेवायला बोलवावं, असंही अनेकदा वाटलं होतं. बस सुटली. आपण काही माणसांचं एकटेपण त्यांचा स्वभाव म्हणून सोडून देतो, आणि त्यात आपलीच सोय असते.

हॉलमध्ये ते पुन्हा कधी आले नाहीत. बाहेर झाडांना पाणी घालायचे, प्रयोगशाळेच्या पायरीवर बसायचे, मुलं त्यांना माळी समजायची. एकदा एका मुलानं त्यांना "ओ मामा, हॉलची किल्ली कुणाकडंय?" असं विचारलं. साहेबांनी किल्ली कुठं मिळेल ते नीट सांगितलं.

मग ते थकले. सोमामामा वारल्यावर न्हावऱ्याच्या बाजूला भावाच्या मुलांकडे राहायला गेले. महिन्या-दोन महिन्यांनी चौफुल्यावरून बस बदलून यायचे, तेही कमी होत गेलं. करंज तोवर दोन पुरुष उंच झाले होते. आम्ही त्यांच्याकडे लक्ष देणं सोडलं होतं. झाडं होती, एवढंच.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. मी हॉलमध्ये शिकवत होते, साठ मुलं, दुपारचा एक वाजून गेलेला. भारनियमनाच्या वेळा बदलल्या होत्या, हे कुणीच सांगितलं नव्हतं. वीज गेली. एसी थांबले आणि बंद खोली पाच मिनिटांत अशी तापली की मी फळा सोडून दार उघडलं. मुलं बाहेर पडली. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, कुठं बसा म्हणून. ती थोडी इकडे-तिकडे रेंगाळली, काही इमारतीच्या सावलीत टेकली, तिथून उठली, आणि बघता बघता सगळी करंजांच्या मधल्या पट्टीत जाऊन बसली. वही डोक्याखाली घेऊन काही आडवी झाली.

मीही गेले. तिथं वारा होता. तोच पश्चिमेचा वारा, पण झाडांतून गाळून आलेला. मी पदरानं कपाळ पुसलं आणि तेव्हा मला पलीकडे, शेवटच्या ओळीपाशी, ते उभे दिसले. हातात काठी, खांद्याला पिशवी. ते मुलांकडे बघत होते.

मग त्यांनी पिशवीतून पुडी काढली. खाली वाकायला त्यांना वेळ लागला. मुठीतून फक्की सोडत ते हळूहळू मुलांच्या भोवतीनं चालायला लागले. मुलं आधी हसली, मग बघायला लागली. पाय आडवा आला तर त्याला वळसा घालत, दम खात, त्यांनी साठ मुलांच्या भोवती पूर्ण रेघ ओढली. माझ्याजवळ आल्यावर थांबले.

"कॅनॉल बघून आलो, मॅडम. कोरडा हाय."

मला खूप बोलायचं होतं. त्या एप्रिलातलं पाणी मलाही दिसलं होतं, हे सांगायचं होतं. एवढ्या वर्षांनी ते तोंडातून निघालं. "साहेब, कालव्याचं माझ्या लक्षात आलं होतं. मी बोलले नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. "तवा सांगितलं असतं तर हॉल पूर्वेला गेला असता," म्हणाले, "आन् मी निघून गेलो असतो."

तेवढ्यात वीज आली. आत चारही एसी एकदम घरघरायला लागले. मी सवयीनं मुलांकडे बघितलं. एकही उठलं नाही.

साहेब थोडा वेळ तो आवाज ऐकत उभे राहिले. मग पिशवी खांद्यावर घेतली आणि निघाले. रेघ त्यांच्या पुढ्यातच होती, पाऊल उचललं की बाहेर. पण ते रेघेच्या कडेनं चालत पार पलीकडे गेले. रेघ पूर्ण आहे असं मला वाटलं होतं, पण तिथं त्यांनी हातभर जागा मोकळी सोडली होती. तिथून ते बाहेर पडले आणि बसस्टॉपच्या दिशेनं गेले.